सहा आणि एक वर्षांची

७ जून

बाबा,

मायना मुद्दाम गाळलाय. ‘तीर्थरूप’ लिहायला हात वळेना. फोन का केला नाही असं विचाराल, तर फोनवर तुम्ही गप्प बसता, मी एकटीच ओरडत राहते, आणि शेवटी ‘झालं बोलून?’ म्हणून तुम्ही फोन आईच्या हातात देता. कागदाचं तसं करता येणार नाही. आईला दिलात तरी आधी वाचून द्याल.

काल भिंगरीचा कान ठणकत होता म्हणून तिला दवाखान्यात नेलं. केसपेपर करणाऱ्या बाईंनी विचारलं, “वय किती गं तुझं?” तुमची नात छाती फुगवून म्हणाली, “सहा आणि एक.”

बाई हसल्या. “म्हणजे सात ना?”

“हो. चार आणि तीनपण चालतं. पण सहा आणि एक जास्त छान दिसतं.”

बाकावरचे सगळे हसले. एका म्हातारबाबांनी खिशातून गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. मी मात्र केसपेपर तसाच टाकून तिला जिन्यात नेलं. “हे कोणी शिकवलं तुला?” तर म्हणे, “कोणी नाही.” मग माझं तोंड बघून, दुखऱ्या कानावर हात दाबत म्हणाली, “आजोबा म्हणाले, आईला नाही सांगायचं. आपली गंमत आहे.”

कान ठणकणाऱ्या पोरीवर मी जिन्यात ओरडले, बाबा. ती रडली. त्याचंही पाप तुमच्याच माथी.

सुट्टीत तिला तुमच्याकडे ठेवताना मी एकच अट घातली होती. तुमच्या दारात, पायातल्या चपलाही न काढता, आईच्या देखत. आकड्यांचा पट बाहेर काढायचा नाही. तुम्ही काय म्हणालात? “अगं, तो पट माळ्यावर कुठे पडलाय ते मलासुद्धा आठवत नाही.” आणि भिंगरी सांगते, पट तुमच्या पलंगाखाली होता, त्याला नवं पॉलिश केलेलं होतं आणि बटणं नवी कोरी, रंगीत आणली होती. माझ्या वेळी आईच्या जुन्या कोटाची काळी बटणं होती. नातीसाठी खर्च केलात म्हणायचा.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे मी त्याच्यापाशीही कधी काढलं नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. कुठलीही गोष्ट उघडून आत बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. म्हणून कागदावर पट काढून दाखवला. वरच्या ओळीत पहिलं घर एकाचं. उजवीकडे सरकलं की दुप्पट होत जातं: दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. आणि कुठल्याही घरातून खाली उतरलं की तिप्पट: एकाखाली तीन, त्याखाली नऊ, मग सत्तावीस. दोनाखाली सहा, त्याखाली अठरा. घरांवर आकडे लिहिलेले नाहीत, जागा हेच नाव. कुठलीही संख्या सांगा, घरांत बटणं ठेवून ती मांडायची. जितकी कमी बटणं लागतील तितकी शाबासकी. संगणक एकट्या दोनावर चालतो म्हणून त्याला लांबण लावावी लागते, दोनाच्या जोडीला तीन दिला की तेच थोडक्यात भागतं, बेरजा वाचतात, यंत्र झपाझप गुणाकार करतं, हे तुमचं पालुपदही ऐकवलं. मला ते झोपेतून उठवलं तरी म्हणता येतं.

तो म्हणाला, “डोकं आहे हां तुझ्या बाबांना.”

मग मी पुढचं सांगितलं. आठ वर्षांची होईपर्यंत मला याखेरीज दुसरं काही माहीत नव्हतं. दहा बोटांमुळे माणसाला दहाची खोड लागली, एखाद्या मुलाला ती लागूच दिली नाही तर त्याचं डोकं कुठवर धावेल, हा तुमचा सिद्धांत. त्यासाठी घरातल्या फोनच्या आकड्यांवर चिकटपट्टी. कॅलेंडर नाही. घड्याळ तुमच्या खोलीत, कुलपात. शाळा तर नाहीच. मला बारा माहीत होते. चोवीस, छत्तीस, चौपन्न, एकशे आठ माहीत होते, कारण त्यांना घरं होती. दहा, वीस, शंभर यांना घर नव्हतं, म्हणून ती आमच्याकडे नुसती मांडायच्या कोड्यांची नावं, मोजताना ती कोणी घ्यायचं नाही. ‘एकशे आठ’ हा माझ्या लेखी एक अख्खा शब्द होता. त्यातला ‘शे’ कशाचा, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नाही.

नवऱ्याच्या हातातला चहा निवला. “आणि तुझी आई काय करत होती?” त्यानं विचारलं.

भिंगरी यापुढे तुमच्याकडे येणार नाही. ना पुढच्या सुट्टीत, ना त्याच्या पुढच्या.

१९ जून

बाबा,

तुमची चार पानं मिळाली. सुवाच्य अक्षर, समास सोडलेला, मुद्द्यांना क्रमांक. परीक्षेला बसल्यासारखं लिहिलंय. फक्त तुम्ही स्वतःच परीक्षक आहात आणि स्वतःला पैकीच्या पैकी देऊन मोकळे झालात.

‘तिला आवडतं,’ म्हणता. आवडणारच. आजोबा समोर मांडी घालून बसतात, पेपर वाचत नाहीत, कोणाचा फोन घेत नाहीत, फक्त तिच्याकडे बघतात. कुठल्या पोराला ते नको असेल?

‘तुझ्या वेळी झालेल्या चुका मी या वेळी सुधारल्या आहेत. दहाचं ती शाळेत शिकतेच, पट फक्त जोडीला आहे.’ हे वाक्य मी उभ्याउभ्याच दोनदा वाचलं. म्हणजे मी कच्चा खर्डा आणि भिंगरी पक्की प्रत?

चुका कुठल्या, ते तरी लिहायचं होतंत. थांबा, मीच लिहिते.

आईनं तुमच्याशी अबोला धरला तेव्हा कुठे आठव्या वर्षी मला शाळेत घातलंत. पाच वर्षांच्या पोरांच्या वर्गात, शेवटच्या बाकावर. माझे गुडघे बाकात अडकायचे. बाईंनी विचारलं, “नवानंतर काय येतं?” मी उभी राहून ठणकावून सांगितलं, “बारा.” पटावर नवाहून मोठं पुढचं घर बाराचंच आहे ना! वर्ग हसला. बाईही हसल्या. त्या दिवसापासून शाळेत माझं नाव ‘बारा’. ए बारा, इकडे ये. बाराला विचारू नका, तिला येत नाही. शाळा सुटेपर्यंत ते नाव सुटलं नाही.

मग ती बस. आई तापानं पडली होती, मला शाळेतून एकटीनं घरी यायचं होतं. त्रेचाळीस नंबरची बस. आईनं तळहातावर पेनानं लिहून दिलं होतं. आली चौतीस. चार आणि तीन, तीन आणि चार. पटावर कुठलं बटण आधी ठेवलं यानं काही बिघडत नाही, संख्या तीच राहते. मी हात बघितला, बस बघितली आणि चढले. थेट डेपोत पोचले. कंडक्टरबाईंनी मला स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं आणि घराचा पत्ता विचारला, तर मला घरक्रमांकही धड सांगता येईना. तापानं फणफणलेली आई अनवाणी शोधत आली. आणि घरी तुम्ही दारात उभे होतात. मला वाटलं, आता उचलून घ्याल. तुम्ही खाली वाकलात, खिशातलं पेन काढलंत आणि विचारलंत, “तो आकडा तुला नेमका कसा दिसला?”

मी हुंदके देत सांगितलं. तुम्ही मान डोलावत लिहून घेतलंत. पुढे तुमच्या लेखात ते छापून आलं. ‘एका मुलीच्या बाबतीत असे आढळले की.’ एका मुलीच्या! शेजाऱ्यांची होती का ती?

आणि तुमचा शेवटचा मुद्दा, ‘तूही हसत होतीस.’

हो. हसत होते. हे मला लिहायचं नव्हतं, पण तुम्हीच काढलंत. पटाशी बसलं की तुम्ही मला मांडीवर घ्यायचात. एरवी कधी घेतल्याचं मला आठवत नाही. तुम्ही एक्केचाळीस मांडायला सांगितलेत, मी छत्तीस, चार आणि एक अशी तीन बटणं ठेवली, तुम्ही म्हणालात, “अजून कमी?” मी बघत बसले, बघत बसले, आणि एकदम एक बटण बत्तीसवर, एक नवावर. दोनच! तुम्ही मला छताकडे उडवलंत. तेवीस हा आकडा दोन बटणांत बसतच नाही, काही केल्या बसत नाही, हे मी माझं मी शोधून काढलं, तेव्हा तुम्ही त्याचं नाव ‘रुसलेला तेवीस’ ठेवलंत. अजून कुठे तेवीस लिहिलेला दिसला की मला हसू फुटतं. हेच तर दुखणं आहे. नुसता छळ असता तर मी केव्हाच झटकून टाकला असता.

पण मग पाहुणे यायचे. तुमच्या कॉलेजातले, त्यांचे ओळखीचे, कोण कुठले. दिवाणखान्यात स्टूल, स्टुलावर मी. “बोला, कुठलीही संख्या बोला.” माझे डोळे मिटायला लागले तरी तुमचं ‘शेवटचा एकच’ संपायचं नाही. एकदा मला शू लागली होती. सांगायला तुमचा सदरा ओढला तर तुम्ही माझा हात झटकलात. पुढचं काय ते पाहुण्यांसमोर झालं. ते नाही ना आलं तुमच्या लेखात?

आज मी कवळ्या बनवते. दाताच्या डॉक्टरांकडून साचे येतात, मी मेण वितळवते, एकेक दात बसवते, घासते, चकाकी आणते. ‘पोरगी हुशार होती, पण हातकामात गेली,’ असं तुम्ही लोकांना सांगता, ते माझ्या कानांवर आलंय. गेले, कारण तिथे मला कोणी संख्या विचारत नाही. हे पत्रही दातओठ खाऊनच लिहितेय. म्हणजे धंद्याला धरूनच झालं.

आणि वर पाकिटात ती निमंत्रणपत्रिका! चिपा बनवणाऱ्या कंपनीला तुमचा जुना लेख सापडला, त्यांनी नव्या चिपमध्ये तीच दोन आणि तिनाची मांडणी वापरली, म्हणून तुमचा सत्कार. याचा मला आनंद झाला. टोमणा मारत नाहीये. कॉलेजात तुम्हाला ‘बटणमास्तर’ म्हणायचे, तेव्हा मला तुमच्यासाठी रडू यायचं. तुमचं गणित खरं होतं. माझं भांडण गणिताशी नाही. पण पत्रिकेत खाली छापलंय, ‘तीन पिढ्यांचे प्रात्यक्षिक’, आणि शेजारी माझ्या मुलीचा फोटो. मला न विचारता.

मी येणार नाही. ती येणार नाही. काळ्या दगडावरची रेघ समजा.

३० जून

बाबा,

तुम्ही काल स्टेजवर होतात, तुम्हाला टाळ्या वाजवणारे लोक दिसले. मला मागच्या दारातून काय दिसलं ते सांगते.

सकाळी आई आली. म्हणाली, भिंगरीला फ्रॉक घ्यायचाय, जेवायच्या वेळेपर्यंत आणून सोडते. आईवर संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. मी कामावर गेले. तिथे एक साचा तडकला होता, त्यात माझं डोकं. दुपार कलायला लागली तरी भिंगरी घरी पोचल्याचा निरोप नाही, आईचा फोन लागेना. भिंतीवरच्या तारखेकडे लक्ष गेलं, सत्काराचाच दिवस. प्लास्टरनं बरबटलेले हात तसेच घेऊन टॅक्सीत बसले.

हॉल गच्च भरलेला. आणि स्टेजवर स्टूल. बाबा, तुम्हाला जगात दुसरी बसायची वस्तू मिळत नाही का? नव्या फ्रॉकमध्ये भिंगरी, तिच्यासमोर तिरका टेकवलेला पट, मागे मोठ्या पडद्यावर तिची बोटं. ती खुशीत होती, खोटं कशाला बोलू? कोणी चौदा म्हणालं, तिनं बारा आणि दोन ठेवलं. कोणी पंचेचाळीस म्हणालं, छत्तीस आणि नऊ. टाळ्या पडल्या. ती पाय हलवत होती. तुम्ही तिची पाठ थोपटलीत.

मग पुढच्या रांगेतला कंपनीचा साहेब म्हणाला, “एकशे तेरा.” तिनं एकशे आठवर एक बटण ठेवलं, चारावर एक, एकावर एक. झाले की एकशे तेरा! सात वर्षांच्या मुलीनं सगळ्यांसमोर मांडले आणि बरोबर मांडले. आणि तुम्ही म्हणालात, “अजून कमी?”

ती पटाकडे बघत राहिली. एक बटण उचललं, परत ठेवलं. माइकमधून तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, “आजोबा, मला खाली उतरायचंय.” हळूच म्हणाली, पण माइकनं ते सगळ्या हॉलला ऐकवलं. तुम्ही लोकांकडे बघून हसलात आणि म्हणालात, “शेवटचा एकच.”

मी चालायला लागले. पुढच्या रांगेत आईनं माझा हात धरला, तो मी सोडवून घेतला. स्टेजच्या पायऱ्या चढले. भिंगरीचा खालचा ओठ बाहेर आला होता. तिला उचलायचं आणि निघायचं, एवढंच मनात होतं. पण पट समोर होता. तिची तिन्ही बटणं मी गोळा केली, त्यातलं एक डावीकडच्या उभ्या ओळीत पार खाली, एक्क्याऐंशीवर ठेवलं. दुसरं वरच्या ओळीत उजव्या अंगाला, बत्तीसवर. ठेवलं कसलं, आदळलंच. तिसरं तुमच्या हातात दिलं. तुमच्या पॉलिश केलेल्या पटावर प्लास्टरची पांढरी बोटं उमटली.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग कोणीतरी बेरीज केली आणि सगळा हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला.

मी तुमच्याकडे बघितलं. तुमचे डोळे भरून आले होते. माझ्या लग्नात तुम्ही असं बघितलं नव्हतंत. भिंगरी झाली तेव्हा नाही. दोन बटणं ठेवली तेव्हा बघितलंत. आणि माझ्याही छातीत काहीतरी लख्ख उजळलं, तुमच्या मांडीवर उजळायचं तसं. सगळ्यात जास्त संताप मला त्याचा आलाय. इतक्या वर्षांनंतर, त्या पोरीचा ओठ थरथरत असताना, तुम्ही खूश झालात म्हणून मी खूश झाले! हे काय करून ठेवलंयत तुम्ही माझं?

तुम्ही माइकमध्ये म्हणालात, “ही माझी मुलगी.” मी माइकवर हात ठेवला. पुढचं फक्त तुम्हाला ऐकू गेलं, म्हणून इथे लिहून ठेवते, उद्या नाही म्हणायला नको. मी म्हणाले, “हे तुम्हाला आत्ता कळलं?”

टॅक्सीत भिंगरीनं विचारलं, “आई, मी चुकले का?”

“नाही गं. बरोबर होतं तुझं.”

“मग आजोबा अजून का म्हणाले?”

याचं उत्तर तुम्ही द्या.

११ जुलै

बाबा,

आई माझ्याकडे आहे. तुम्हाला अंदाज आलाच असेल, कारण तुमच्याकडे ती नाही. तुमची चिठ्ठी मिळाली. चाळीस वर्षं संसार केलेली बायको हातात पिशवी घेऊन निघून गेली आणि तुम्ही एका ओळीत विचारता, रक्तदाबाच्या गोळ्या कुठे ठेवल्या आहेत! तुमच्या थोडक्यात मांडण्याची कमाल आहे.

चिठ्ठी आईला वाचून दाखवली. ती खिडकीशी बसून भिंगरीचा स्वेटर विणत होती. मान वर न करता म्हणाली, “लिही. स्वयंपाकघरातलं कपाट, वरून तिसरा खण. निळ्या पाकिटातली सकाळी, पांढऱ्या पाकिटातली रात्री. उपाशीपोटी घेऊ नका म्हणावं.”

आणि मग ती टाके मोजायला लागली. मोठ्यानं. सात, आठ, नऊ, दहा, अकरा. मी बघतच राहिले. आईला मोजताना मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं नव्हतं हेही मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं.

“काय बघतेस?” ती म्हणाली. “तुझ्या कानावर पडू नये म्हणून त्यांनी मला घरात मोजू दिलं नाही. टाके मनात मोजायचे. तुझ्या औषधाचे थेंब मनात मोजायचे. एकदा चुकून जास्त पडले, तू दिवसभर झोपून राहिलीस, मी तुझ्या नाकाशी बोट धरून बसले होते. जगातली प्रत्येक आई पोराचं बोट धरून पायऱ्या मोजत जिना चढते गं. मी तोंड शिवून चढले. पुढे तू शाळेत गेलीस, बंदी उठली, पण माझं तोंड उघडेचना.”

मला तिची कीव यायला हवी होती. आधी रागच आला. म्हटलं, “मग भिंगरीला फ्रॉकच्या नावाखाली का नेलंस?”

तिनं सुया मांडीवर ठेवल्या. “रडले ते माझ्यासमोर. म्हणाले, आयुष्यात एकदाच लोक माझं ऐकणार आहेत. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, एका दिवसानं काय होतंय? आणि तिथे त्यांनी त्या पोरीला तेच म्हटलं, जे तुला म्हणायचे. मी पुढच्या रांगेत होते. माझ्या कानांनी ऐकलं आणि बसून राहिले. वर तुझाच हात धरला. तू लहान होतीस तेव्हाही अशीच बसून राहिले होते, पाहुण्यांना चहा देत.”

सुया पुन्हा उचलत म्हणाली, “आता उठलेय म्हणावं. तेवढं लिही त्यांना.”

लिहिलं.

२ ऑगस्ट

बाबा,

या वेळच्या तुमच्या पत्रात मुद्द्यांना क्रमांक नव्हते. खाडाखोड होती. ‘तू त्याला प्रयोग म्हणतेस. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं गं. जे होतं त्यातलं सगळ्यात चांगलं मी तुला दिलं,’ असं लिहिलंयत.

खरं असेल. पण ते देताना माझ्या हातातलं बाकीचं सगळं काढून घेतलंत, ते लिहायचं राहिलं.

नवरा म्हणतो, तुम्ही माफी मागितली आहे. मी म्हटलं, दाखव कुठे. त्यानं तिसऱ्या पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. ‘पोरीला उतरू द्यायला हवं होतं.’ म्हणाला, “तुझ्या बाबांसारख्या माणसाच्या तोंडून याहून जास्त निघायचं नाही.” ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. पोरीला म्हणजे कुठल्या, तिला की मला, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मुद्दाम लिहिलं नसेल तर तुम्हाला कळलंय. चुकून राहिलं असेल तर देव तुमचं भलं करो.

कंपनीचे लोक मला फोन करतात. चित्रफीत काढायचीय, आई आणि मुलगी एकत्र. मी नाही म्हणाले. तुम्हालाही विचारतील. तुम्ही काय म्हणता ते मला कळेलच.

आता भिंगरीचं. ती पट मागत होती. मी टाळलं, मग रागावले, मग तिनं जेवताना शेंगदाणे मांडून खेळायला सुरुवात केली, तेव्हा हात टेकले. गच्चीवर खडूनं पट आखून दिला. बटणं नकोच होती मला डोळ्यांसमोर, म्हणून कामावरचे टाकाऊ दात आणून दिले. तिला इतकं हसू आलं! तेरा मांडताना बारावर एक दाढ ठेवली आणि एकावर सुळा. मग म्हणाली, “आई, मोठा आकडा सांग.” मी सत्तर सांगितले. तिनं चौपन्नवर दाढ ठेवली आणि बाकीचे कुठे बसतील ते शोधायला लागली. सोळाचं घर तिच्या गुडघ्यापाशीच होतं.

तेवढ्यात खालून मैत्रिणींनी हाक मारली. ती उठली, हातातला दात माझ्या ओच्यात टाकला आणि चप्पल न घालता जिन्यावरून धावत सुटली. सत्तर अर्धेच राहिले.

माझ्या तोंडाशी काय आलं होतं ते तुम्हाला सांगायला नको. माझा हातसुद्धा उठला होता तिला थांबवायला. बाबा, त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं की ते किती आतून येतं आणि किती प्रेमळ वाटतं. मी हात खाली घेतला. ती खाली लंगडी खेळत होती, पडली, उठली, परत खेळायला लागली. मी कठड्याशी उभी राहून बघत होते आणि तुमचा असा काही राग आला की कठडा घट्ट धरून ठेवावा लागला. एवढंच तर करायचं होतं तुम्हाला! मी उठले की मला जाऊ द्यायचं.

तिनं दोनदा तुमची चौकशी केली आहे. म्हणून लिहितेय. भेटायचं असेल तर रविवारी दुपारनंतर या. पट आणू नका. मांडायचं की नाही, किती मांडायचं, कधी सोडून पळायचं, ते ती ठरवेल, आणि ती पळाली तर मागून हाक मारायची नाही. आई तुमच्याबरोबर परत येणार नाही, निदान आत्ता तरी नाही. बोलेल की नाही तेही सांगता येत नाही. मी विचारलं तर म्हणाली, “चहा त्यांचा त्यांना करून घेता येतो का बघू.”

माझं म्हणाल, तर माझा राग गेलेला नाही. तो जाईल म्हणून वाट बघत बसलात तर पोरगी मोठी होऊन जाईल. राग असतानाच या.

तुमची मुलगी